ओलिसांचा सिनेमा कसा पाडावा

यवतमाळात बसून ओलिसांच्या सुटकेवर सिनेमा काढायचा, तर पहिली अडचण विमानाची. जवळच्या भारीला धावपट्टी आहे, पण तिथून नेमाने सुटणारं प्रवासी विमान नाही. पुसदची एसटी पळवावी, तर आर्णीला चहाला थांबताच प्रकरण मिटायची भीती. तेव्हा घटना बाहेरून आणा आणि अभ्यासाला अक्षय कुमारचा ‘बेल बॉटम’ घ्या.

आधी खरी हकिकत वाचून काढा, म्हणजे काय काय गाळायचं ते कळेल. 24 ऑगस्ट 1984. चंदिगडहून श्रीनगरला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं विमान सात तरुणांनी पळवलं. लाहोर, कराची करत ते दुबईला उतरलं. तिथे अमिरातीचे संरक्षणमंत्री शेख मोहम्मद बिन रशीद यांनी बोलणी लावून धरली, अपहरणकर्ते शरण आले, प्रवासी सुखरूप उतरले. त्या प्रवाशांत संरक्षणतज्ज्ञ के. सुब्रह्मण्यम होते. इकडे दिल्लीत प्रकरण हाताळणाऱ्या चमूत एक तरुण अधिकारी होता. विमान पळवलंय, घरी येता येणार नाही, असं सांगायला त्याने घरी फोन केला आणि मग त्याला कळलं की वडील त्याच विमानात आहेत. तो अधिकारी म्हणजे एस. जयशंकर. परराष्ट्रमंत्री झाल्यावर 2024 साली जिनिव्हात त्यांनी स्वतःच हे सांगितलं.

आता हा मुलगा पटकथेतून काढून टाका. एका कानाला सरकारी फोन, दुसऱ्या कानात आईचा आवाज, आणि तोंडाने मात्र ‘मागण्या मान्य नाहीत’ हीच भूमिका मांडायची, असला माणूस पडद्यावर आला तर प्रेक्षक मोबाइल खाली ठेवील. मग तुमच्या नायकाला कोण विचारतो?

नायक घडवताना हात आखडता घेऊ नका. ‘बेल बॉटम’चा नायक स्पर्धा परीक्षेची तयारी करतो, बुद्धिबळ खेळतो, गाण्याच्या शिकवण्या घेतो. यवतमाळच्या कुठल्याही अभ्यासिकेत असा एखादा सापडेल, फक्त त्याला गुप्तहेर खात्याचं बोलावणं येत नाही. बोलणी करणं हा भेकडपणा, हे नायकाकडून पंतप्रधानांना ऐकवा. पंतप्रधान मात्र हुबेहूब हव्यात. लारा दत्ताला इंदिरा गांधी केलं ते आपल्या विक्रम गायकवाडांनी, आणि खरं सांगायचं तर त्या सिनेमात अस्सल काही असेल तर ती रंगभूषाच. (ती नक्कल करू नका. जमणार नाही.)

शेवट अडला की ‘बेल बॉटम’सारखं वाळूचं वादळ सोडा. धुळीत कोण कुठून आलं आणि कुठे गेलं, हे कोणी विचारत नाही. वादळ परवडत नसेल तर नाच. एंटेबी विमानतळावरच्या ओलिसांच्या 1976 च्या सुटकेवर 2018 साली ‘सेव्हन डेज इन एंटेबी’ आला, त्यात कमांडो गोळ्या झाडत असताना मधेमधे रंगमंचावरचे नर्तक खुर्च्यांवर बसून अंग झटकतात. सात दिवसांचा ताण घालवायला यापरता उपाय नाही.

चित्रीकरण इथे करायचा हट्ट धरू नका. टी-वन वाघीण मारली गेली आपल्या जिल्ह्यात, 2018 ला. तिच्यावरून सुचलेला ‘शेरनी’ चित्रित झाला मध्य प्रदेशात. ‘बेल बॉटम’वाले तर करोनात स्कॉटलंडला गेले.

राहिलं प्रदर्शन. इथे ‘बेल बॉटम’ला गाठणं कठीण. 19 ऑगस्ट 2021 ला तो चित्रपटगृहांत लागला, तेव्हा महाराष्ट्रातली चित्रपटगृहं बंद होती. ती उघडली 22 ऑक्टोबरला. सिनेमा त्याच्या महिनाभर आधीच ॲमेझॉन प्राइमवर येऊन बसला होता. म्हणजे थ्रीडीत काढलेलं ते वादळ वणी-दिग्रसच्या रसिकांनी बोटभर पडद्यावर, चष्म्याविना पाहिलं. सौदी, कुवेत आणि कतारमध्ये तर त्याच्यावर बंदी आली. दुबईच्या वाट्याचं श्रेय भारतीय हेराच्या खात्यावर घातल्याचं कारण तेव्हा छापून आलं होतं. तेव्हा आखातातल्या वितरणाचे पैसे अंदाजपत्रकात धरू नका, आणि ‘सत्य घटनेवर आधारित’ ही पाटी पहिल्याच चौकटीत, मोठ्या अक्षरात टाका.