तात्यांची रेघ

परंदवडीत मिसरूड फुटायच्या वयातली पोरं दोघांना टरकून असतात: गणिताच्या सरांना आणि तात्यांना. सर निदान सुट्टीत तरी गाठत नाहीत. तात्या सोमाटणे फाट्यावर, वडापावच्या गाडीसमोरसुद्धा गाठतात, पोराला खालून वर न्याहाळतात आणि म्हणतात, "चप्पल काढ."

बंडीच्या खिशात लोकांची तंबाखू असते, तात्यांची टेप असते. ऐन विशीत पोलीस भरतीत ते बोटभर कमी पडले होते. मोजणाऱ्याने पट्टी मुद्दाम दाबली, असं त्यांचं आजही ठाम मत आहे. त्या दिवसापासून गावातल्या प्रत्येक पोराची उंची हे तात्यांचं खातं झालं. देवळाच्या खांबावर गेरूच्या रेघा, शेजारी आद्याक्षरं. पोरगा वाढला तर सकाळी बारला लटकल्यामुळे. नाही वाढला तर चुकारपणामुळे. निजलेल्या पोराला कोणी ओलांडलं, तर ओलांडणाऱ्याला त्याच पावली उलटं ओलांडायला लावायचं, नाहीतर वाढ खुंटते. हा नियम ते मांजरालाही लावतात. मांजर ऐकत नाही.

मध्यंतरी देवळाचा जीर्णोद्धार झाला. जुन्या फरशीवरच ग्रॅनाइट बसवलं, जमीन दीड इंच वर आली, आणि एका रात्रीत गावातली सगळी पोरं दीड इंच वाढली. तात्यांनी बार बसवणाऱ्या मंडळाचा नारळ देऊन सत्कार केला. पुजारीही वाढलेत हे कोणीतरी दाखवून दिलं, तेव्हा म्हणाले, "त्यांचंबी लटकणं चालू आसंल."

तात्यांची खरी कसोटी लागली ती पुतण्याच्या घरात. तिथे थोरला मुलगा आणि त्याच्याहून वर्षाने लहान बहीण. पोरगी बाराव्या वर्षी अशी सरसरून वाढली की भावाच्या डोक्यावरून पलीकडचं बघू लागली. तात्यांना हा अन्याय वाटला. पोरगा नववीत गेला तरी एकशे बावन्न सेंटिमीटरवर ठाण मांडून. बारला लटकून त्याच्या तळहातांना घट्टे पडले, उंची तेवढीच. तात्यांनी निकाल दिला: "खुंटला."

आईने काही त्यांचं ऐकलं नाही. तिने त्याला तळेगावला डॉक्टरकडे नेलं. तात्या न बोलावता सोबत गेले. डॉक्टरांनी पोराच्या डाव्या मनगटाचा एक्स-रे काढला. उंची पायात आणि मोजतात हातात, हे तात्यांना पहिल्यांदा चेष्टाच वाटली. डॉक्टरांनी समजावलं: लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेचा पातळ थर असतो, हाड तिथून लांबतं. कूर्चा एक्स-रेत पांढरी उमटत नाही, म्हणून तिथे काळी रेघ दिसते. वयात येण्याच्या शेवटी थराचं हाड होतं, रेघ मिटते आणि मग बारला लटका नाहीतर झाडाला, उंची वाढत नाही. मुलींची ही धावपळ मुलग्यांच्या साधारण दोन वर्षं आधी सुरू होते आणि आधीच संपते. हा पोरगा पंधरा वर्षांचा, पण त्याचं मनगट तेराचं. उशिरा निघालाय, पोचेल.

रेघ मिटवतं कोण, असं तात्यांनी विचारलं. इस्ट्रोजेन, डॉक्टर म्हणाले. मुलींमध्ये तर खरंच, मुलग्यांमध्येही तेच. बायकांचं म्हणून ऐकलेलं संप्रेरक आपल्या अंगात आहे, हे कळल्यावर तात्या गाडीत बसेपर्यंत बोलले नाहीत. माझ्या माहितीत एवढी शांतता त्यांनी आयुष्यात दुसऱ्यांदा पाळली नाही.

डॉक्टरांनी अंदाजाचं गणितही सांगितलं होतं. मुलाचं असेल तर आईवडिलांच्या उंचीची बेरीज, त्यात तेरा मिळवायचे, निम्मे करायचे. सात-आठ सेंटिमीटर इकडेतिकडे धरायचे. बाप 164, आई 155. उत्तर 166. तात्यांनी घरी येऊन हिशेब पुन्हा केला, आईला वगळून.

"सूनबाईचं कशाला धरायचं?"

"पोरगा बुटका होता तेव्हा माझ्या माहेरावर गेला म्हणत होतात, तात्या," सूनबाई भाकरी थापता थापता म्हणाली. "तेव्हा बरं धरलंत."

गंमत म्हणजे हेच तात्या भाताच्या बाबतीत बुटक्यांचे कैवारी. जुना आंबेमोहोर उंच, पावसात लोळायचा. वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने आंबेमोहोर 157 आणि बुटक्या आयआर-8 चा संकर करून 1987 मध्ये इंद्रायणी आणला. तो बांधावर उभा राहून दाखवताना तात्या अभिमानाने सांगतात, "ठेंगणा हाय, म्हणून उभा हाय." मागे पोरगा बारला लटकलेला असतो.

तर एक्स-रे हातात आल्यापासून टेप मागे पडली. तात्या कोणाचीही फिल्म उन्हात धरून रेघ शोधू लागले. गुडघेदुखीच्या एका आजोबांना त्यांनी "रेघ मिटली, आता आशा नाय" असं सांगितलं, तेव्हा त्यांच्या घरात रडारड झाली.

पोरगा मात्र डॉक्टरांच्या शब्दाला जागला. आधी पायाचा नंबर वाढला, बापाच्या चपला त्याने बळकावल्या, मग नडग्या, मग बाकीचा. अठरा पूर्ण होऊन भरतीचा अर्ज भरला, तेव्हा संध्याकाळच्या मापाला 164 आणि थोडं वर. हवेत 165. तात्यांना कुठूनसं कळलं होतं की माणूस सकाळी उठल्या उठल्या सेंटिमीटरभर उंच असतो. दिवसभरात मणक्यांमधल्या चकत्या दबतात, आणि बराचसा भाग पहिल्या तासाभरातच जातो. हे मात्र त्यांचं खरं होतं. म्हणून भरतीच्या दिवशी पहाटे टेम्पोत गादी टाकली आणि पोराला निजल्या जागेवरून उचलून तिच्यावर ठेवलं. सोमाटणे फाट्यावर दोर आवळायला क्लीनर मागे चढला आणि पोराला ओलांडून पलीकडे गेला.

"थांबव गाडी!" तात्या ओरडले. मागे रांग, हॉर्न, शिव्या. क्लीनरला उलटं ओलांडायला लावल्याशिवाय टेम्पो हलला नाही.

मैदानावर पोरगा 165 सेंटिमीटर आणि वर दोन मिलिमीटर भरला. छाती हवी 79, ती भरली 78.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या टेप घेऊन पुतण्याच्या अंगणात हजर. "सदरा काढ," ते पोराला म्हणाले. "छातीला रेघ नसती. ती कवाबी वाढती."