वहीवाल्या काकू

लग्नाच्या हॉलमध्ये स्टेजच्या उजव्या हाताला, नेमक्या पंख्याखाली, मांडीवर पर्स आणि पर्सवर वही घेऊन बसलेली बाई दिसली, की वहीवाल्या काकू हजर आहेत असं समजावं. लग्न कुणाचंही असो, आहेर लिहायला त्याच. पत्रिकेवर 'कृपया आहेर आणू नये' छापलेलं असतं, तरी काकू बसतात. "छापायचं असतं तसं," म्हणतात. आणि पंगत उठेपर्यंत पान भरतंच.

त्यांची घरची वही वेगळी. लाल कापडी बांधणीची. डावीकडे आलेलं, उजवीकडे गेलेलं. 'जाऊबाईंच्या माहेरून, वास्तुशांतीला, लेमन सेट. एका ग्लासाला टवका.' यातलं शेवटचं वाक्य महत्त्वाचं. पुढे त्याच घरी बारशाला काकूंकडून भिंतीवरचं घड्याळ गेलं, त्याला सेकंदकाटा नव्हता.

महागाईचा प्रश्न त्यांनी स्वतःपुरता सोडवलाय. 1987 साली त्यांनी कुणाला 51 रुपये घातले असतील, तर आज तितकेच परत घ्यायला त्या भोळ्या नाहीत. तेव्हा दहा ग्रॅम सोनं अडीच हजारांच्या आसपास होतं. म्हणजे दिलं ते दीड-पावणेदोन गुंजा सोनं! तेच 51 त्यांना कुणी दिले असतील, तर मात्र "एकावन्नाला एकावन्न, व्यवहार चोख."

या वहीला हसणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं. हुंडाबंदी कायदा 1961 चा, पण 1985 साली सरकारने त्याखाली नियम केले, की वधूवरांना लग्नात मिळालेल्या भेटींची यादी ठेवावी: वस्तूचं वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव आणि नातं. काकूंचा आक्षेप एवढाच, की नियमात टवक्यासाठी रकाना नाही.

ब्लाउजपिसांच्या बाबतीत मात्र त्यांची वही हरते. ओटीतलं एक मोरपंखी पीस हळदीकुंकवातून निघून सहा घरं फिरून त्यांच्याकडेच परत आलं होतं. त्यांनी कोपऱ्यावर पेनाने ठिपका दिलेला होता, म्हणून कळलं. न बोलता त्यांनी दुसरा ठिपका दिला आणि पुढे पाठवलं.

एका पानावर किमतीचा रकाना मोकळा आहे. काका आजारी होते तेव्हा खालची शेजारीण रोज मऊ भात आणि मेतकूट आणून द्यायची. त्या वाटीच्या बदल्यात आजवर कैऱ्या, फराळ, अळूवड्या, साखरांबा असं बरंच खाली गेलंय. पान संपत नाही. शेजारणीला मधुमेह आहे, साखरांब्याचं काय करावं हे तिला कळत नाही. ती बिचारी भरणी रिकामी परत करू नये म्हणून त्यात शेंगदाण्याची चटणी घालून पाठवते, आणि ती काकूंच्या डाव्या रकान्यात चढते.

तेव्हा कुणी सांगितलं, की काकूंना पैशाचा मोह आहे, तर विश्वास ठेवू नका. त्यांच्या एका भाच्याने मागे सगळा हिशेब मांडून, सोन्याच्या भावाने, फोनवरून पै न पै पाठवली आणि वर 'आता फिटलं' असा निरोप लिहिला. काकूंनी पैसे तासाभरात परत केले, आणि वर्षभर त्या त्याच्याशी बोलल्या नाहीत.