तुमच्यात हसलेलं चालतं का?

आमच्या मंडळीत एक वडीलजन आहेत. त्यांच्याकडे पाहिलं की स्वर्ग नक्की असणार याची खात्री पटते, कारण एवढं दुःखी राहण्याची मेहनत देव फुकट जाऊ देईल असं वाटत नाही. रविवारी उपासनेला ते सर्वांच्या आधी येतात, पहिल्या बाकावर बसतात आणि उपदेश संपेपर्यंत असा चेहरा धरून ठेवतात की नवख्या माणसाला वाटावं, आपण चुकून कुणाच्या तरी मातीला आलो.

सुट्टीच्या दिवशी हे गृहस्थ एसटी स्टँडवर हस्तपत्रिका वाटतात. गुलाबी कागद, त्यावर ठळक अक्षरांत प्रश्न : ‘तुम्ही आनंदी आहात का?’ लोक कागद वाचतात, मग देणाऱ्याकडे बघतात आणि ‘तुमच्यापेक्षा बरे आहोत’ असं मनातल्या मनात म्हणून गाडीत चढतात. एकदा एका कंडक्टरने त्यांचा हात धरून त्यांना बाकावर बसवलं. “बाबा, टेका आधी. पाणी घ्या. घरी काही झालंय का?”

माणूस लबाड नाही हो. पहाटे उठून बायबल वाचतो, दशांश न चुकता देतो, कुणी आजारी पडलं तर रात्र रात्र उशाशी बसतो. आजाऱ्याला मात्र जाग आल्यावर उशाशी तो चेहरा दिसतो, आणि डॉक्टरांनी आपल्यापासून काहीतरी लपवलंय अशी शंका येते.

मी नगरच्या मराठी ख्रिस्ती घरातला. (कागदोपत्री आता अहिल्यानगर, पण नगरचा माणूस स्वतःला नगरचाच म्हणतो, ही सवय एका राजपत्राने जायची नाही.) त्यामुळे ‘साक्ष द्या, साक्ष द्या’ हे लहानपणापासून ऐकत आलोय. आजकाल तर साक्ष हा शब्द उच्चारला तरी समोरचा खुर्ची थोडी मागे सरकवतो, आणि त्याचंही फारसं चुकत नाही. आपल्या देवाबद्दल बोलायला आलेला माणूस विमा विकायला आल्यासारखा बोलू लागला की कुणीही दाराला कडी घालणार. पण हसऱ्या माणसाला दार लावल्याचं मी अजून पाहिलेलं नाही.

आणि हसायला आमच्यात बंदी आहे म्हणावं, तर तसा आधार बायबलात सापडत नाही. उलटंच सापडतं. पौलाने फिलिप्पैकरांस लिहिलेलं पत्र चार अध्यायांचं, पण आनंदाची उजळणी इतक्या वेळा, की वाचणाऱ्याला वाटावं हा कुठेतरी थंड हवेच्या ठिकाणी बसून लिहितोय. बसला होता कैदेत. आणि त्याच फिलिप्पै गावात त्याआधी त्याला छड्या खाव्या लागल्या होत्या, पाय खोड्यात अडकवले होते. तर हा आणि सीला मध्यरात्री कोठडीत गाणी म्हणत बसले! बाकीचे कैदी ऐकत होते, असं प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात स्पष्ट लिहिलंय. त्यांना दुसरा पर्याय तरी काय होता? नाताळच्या आधी आमची पोरं ढोलकी-पेटी घेऊन रात्री बारा वाजता कॅरल म्हणत गल्लीत शिरतात, तेव्हा शेजारपाजाऱ्यांची परिस्थिती नेमकी हीच असते. फरक एवढाच की त्या रात्री शेवटी भूकंप झाला आणि सगळ्यांच्या बेड्या गळून पडल्या. आमच्या गल्लीत फक्त कुत्री उठतात.

खुद्द येशूचं पाहा. पहिला चमत्कार कुठे केला? काना गावच्या लग्नात. पंगत रंगात आलेली, आणि द्राक्षारस संपला. ज्याने घरचं लग्न काढलंय त्यालाच कळेल ही काय आपत्ती असते ती. वर्षानुवर्षं सोयरे म्हणणार, ‘त्यांच्याकडचं ना? त्यांच्याकडे कमी पडलं होतं.’ आईने मुलाला हळूच बाजूला घेऊन सांगितलं, आणि मुलाने सहा दगडी रांजण पाण्याने काठोकाठ भरायला लावले. हिशेब मांडला तर पाचशे लिटर सहज भरतं. आंधळे, लंगडे, कुष्ठरोगी सगळे पुढे आहेतच, पण सुरुवात झाली ती एका यजमानाची लाज राखण्यापासून. आमचे जुने पाळकसाहेब या भागावर उपदेश करायचे तेव्हा त्यांची फार ओढाताण व्हायची. अमेरिकन मिशनऱ्यांनी दारूबंदीचे धडे देऊन वाढवलेली मंडळी समोर बसलेली. त्यामुळे साहेब घाईघाईने ‘चाकरांचा आज्ञाधारकपणा’ या मुद्द्यावर यायचे आणि रांजणात पुढे काय झालं ते तसंच राहून जायचं.

मराठी ख्रिस्ती माणसांनी दिलेल्या साक्षींपैकी सगळ्यांत मोठी साक्ष, माझ्या मते, व्यासपीठावरून दिलेलीच नाही. ती लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’त दिली, आणि हसत हसत दिली. त्यांचे यजमान ना. वा. टिळक यांना आगगाडीत एक युरोपियन सहप्रवासी भेटला. तो १८९३चा सुमार. आगगाडीत अनोळखी माणसाशी धर्मावर बोलणं म्हणजे हाणामारीला आमंत्रण. पण हा गृहस्थ सौजन्याने बोलला, नवा करार हाती ठेवला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं सांगून मोकळा झाला. १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. त्या गृहस्थाचं भविष्य खरं ठरलं, पण घरी लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. पुढची काही वर्षं नवरा-बायको वेगळी राहिली. मग त्या नवऱ्याकडे आल्या, तरी चूल वेगळी, पाणी वेगळं. १९००मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला, तो आपल्या बुद्धीला पटल्यावर.

एवढ्या ऐवजावर दुसऱ्या कुणी तीन अंकी शोकांतिका लिहिली असती. बाईंनी काय केलं? बाजारातून आलेलं सगळं धुऊन घेणाऱ्या आपल्या वडिलांच्या सोवळ्याची गंमत सांगितली, हातात पैसे आले की वाटेत भेटेल त्याला देऊन टाकणाऱ्या नवऱ्याची गंमत सांगितली, आणि सगळ्यांत जास्त स्वतःची सांगितली. ज्या माणसाने घर मोडलं असं सगळं गणगोत म्हणत होतं, त्याच माणसाची थट्टा ही बाई इतक्या मायेने करते की वाचणारा त्या दोघांच्या प्रेमात पडतो. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई! १९३४पासून पुस्तकाचे चार भाग निघाले. धर्मांतर म्हटलं की एरवी हमरीतुमरीवर येणारी माणसंही हे पुस्तक वाचताना पोट धरून हसतात आणि मध्येच गप्प होतात. ही कमाई कुठल्याही गुलाबी पत्रिकेची नाही.

त्यापुढे आमच्या साक्षीच्या सभा म्हणजे अगदीच गरीब. एकेकाने उभं राहून, पूर्वी मी कसा होतो आणि प्रभूने मला कसं बदललं, हे सांगायचं. हेतू उत्तम. पण हळूहळू त्यात चढाओढ शिरते. एक काका तरुणपणी तंबाखू खायचे, एवढाच त्यांचा गुन्हा. दुसऱ्या वर्षी तंबाखूचा गुटखा झाला, मग दारू आली, मग जुगार. मागच्या खेपेला ते थेट दरोड्यापर्यंत पोचले, तेव्हा काकूंनी बायकांच्या बाजूने उठून सांगितलं, “अहो, तुम्ही तेव्हा जिल्हा परिषदेत क्लार्क होता.”

त्या दिवशी सभेत सर्वांत मोठ्याने कोण हसलं असेल, तर आमची आत्या. मिशन हॉस्पिटलमधून नर्स म्हणून रिटायर झालेली. अख्खी सोसायटी तिला ‘सिस्टर’ म्हणते. तिचं हसू आधी खांद्यात येतं, मग पदर तोंडाशी जातो, आणि पदराला न जुमानता ते बाहेर पडतं. समोरच्या ब्लॉकमधल्या काकूंनी सुरुवातीला बिचकत विचारलं होतं, “सिस्टर, तुमच्यात देवळात असं हसलेलं चालतं का हो?”

“चालत नाही, वहिनी,” आत्या म्हणाली, “पळतं.”

या काकू चातुर्मासात कांदा-लसूण बंद करणाऱ्या. त्यांची आणि आत्याची दोस्ती फराळावर जमली. दिवाळीत त्यांच्याकडून ताट येतं, नाताळात आमच्याकडून जातं : तीच शेव, त्याच चकल्या, त्याच करंज्या. पहिल्या वर्षी त्यांनी रुमाल उचलून पाहिलं आणि किंचित नाराजीने म्हणाल्या, “आम्हाला वाटलं, तुमच्यात केक असतो.” आत्याचं सगळं छान होतं, फक्त अनारसे जमत नाहीत. तुपात सोडले की हसतात. जाळी धरता धरता एकदम विरघळून कढईभर पसरतात, आणि मग आत्याही हसते. आता दर डिसेंबरात काकू शुचिर्भूत होऊन आमच्या ओट्याशी उभ्या राहतात. अनारशावर खसखस लावून खसखशीची बाजू वर ठेवून तो अलगद सोडायचा, उलटायचा नाही, झाऱ्याने वरून तूप उडवत राहायचं, हे सगळं त्या आत्याला नव्याने समजावतात, आणि आत्या ते नव्याने विसरते. मला तर संशय आहे की ती मुद्दाम विसरते.

आत्याने काकूंना कधी ‘तुम्ही ख्रिस्ती व्हा’ म्हटलं नाही. काकूंनीही तिला सत्यनारायणाला बसवलं नाही. काकूंचे यजमान अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांना कूस बदलवायला रोज सकाळी आत्या जायची आणि वॉर्डातल्या गमती सांगून त्यांना हसवायची. काका गेले त्या आठवड्यात काकूंनी विचारलं, “सिस्टर, तुम्ही एवढी मरणं पाहिलीत, तरी हसता कशा?” आत्याने काय उत्तर दिलं मला ठाऊक नाही; मी चहा घेऊन आत गेलो तेव्हा दोघी रडत होत्या. थोड्या वेळाने बाहेर दोघींचं हसणं ऐकू आलं.

सुगीच्या दिवसांत आमच्याकडे उपकारस्तुतीचा सण असतो. पंचक्रोशीतली माणसं आपल्या शेतातलं पहिलं पीक देवाला आणतात. बाजरीची पोती, कांदे, सीताफळं, अंडी, भोपळे. वेदीपुढे ढीग लागतो, आणि उपासना संपली की त्याच ढिगाचा आवारात लिलाव होतो. दुःखी वडीलजन मंडळीचे खजिनदार असल्यामुळे पावतीपुस्तक घेऊन टेबलाशी बसतात. पुकारा करायला पीटीचे निवृत्त सर. वर्षभर भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालणारी माणसं त्या दिवशी एका काकडीला पाचशे रुपये मोजतात आणि तीच काकडी ‘देवाला परत’ म्हणून पुन्हा लिलावात ठेवतात.

एका वर्षी काकू हौसेने बघायला आल्या होत्या. सरांनी पाय बांधलेली गावरान कोंबडी उंच धरली. कोंबडीने काकूंकडे पाहिलं. काकूंनी कोंबडीकडे.

“दोनशे!” मागून तरुण संघातला एक जण ओरडला. त्याच्या आवाजातच मसाला होता.

“ही पोरं कापतील का हो तिला?” काकूंनी आत्याचा हात धरला.

“प्रार्थना करून कापतील.”

काकूंचा हात वर गेला. “तीनशे!”

पोरांना चेव आला. चारशे, साडेचारशे. काकूंनी पदर खोचला. सहाशे. सातशे. पाळकीणबाई खुर्चीवर उभ्या राहिल्या. नऊशेला पोरांनी आपापले खिसे चाचपले, आणि सर म्हणाले, “हजार रुपये एक वार... हजार रुपये दोन वार...” तीन वार म्हणेपर्यंत अख्खं आवार टाळ्या वाजवत होतं. कोंबडी काकूंच्या हातात आली तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं, की आता हिचं करायचं काय! पावती फाडताना वडीलजन हसले, असं लोक सांगतात. मी पाहिलं नाही, त्यामुळे साक्ष देणार नाही.

रिक्षातून कोंबडी घरी आली. काकूंच्या स्वयंपाकघरात तिला जागा मिळणं शक्यच नव्हतं, म्हणून मुक्काम आत्याच्या गॅलरीत, आणि दाणापाणी काकूंकडून. ज्वारीचे दाणे निवडून, चाळून. कोंबडी भल्या पहाटे बोलायची, अंडं घातलं की दुपारीही जाहीर करायची. पंधरवड्यात सोसायटीच्या बोर्डावर सूचना लागली आणि रविवारी मिटिंग बोलावली गेली. सेक्रेटरींनी नियमांची वही उघडली, चष्मा लावला आणि कडक आवाजात विचारलं, “कोंबडी कुणाची आहे?”

काकूंनी आत्याकडे पाहिलं. आत्याचे खांदे हलायला लागले होते.

“देवाची,” काकू म्हणाल्या, आणि कमरेची पिशवी उघडून घडी घातलेला कागद त्यांच्यापुढे ठेवला. “लिलावात घेतलीय. ही पावती.”