मेंबरांचा दहावा

आमच्या शहापुरात ‘मेंबर’ म्हटलं की तो ग्रामपंचायतीचाच. नागपूरहून भंडाऱ्याला जाणाऱ्या हमरस्त्यावरचं गाव. जवळच जवाहरनगरची ऑर्डनन्स फॅक्टरी, मागे धानाच्या बांध्या, मधून चोवीस तास ट्रक. इथून जवळच्या एका गावाला लोक सरळ ‘ठाणा पेट्रोलपंप’ म्हणतात, यावरून हा रस्ता आम्हाला किती लागतो ते कळावं. अशा गावात मेंबर व्हायचं तर वॉर्ड लागतो, मतं लागतात, निदान चार मुंडकी पाठीशी लागतात. आमचे हे गृहस्थ मात्र जुलैतल्या एका रविवारी सकाळी साधे रिटायर माणूस म्हणून नागपूरला गेले आणि रात्री पंचवीस वर्षांसाठी मेंबर होऊन परतले. बिनविरोध.

तसे रिटायर झाल्यावर ते एकदा खऱ्या मेंबरकीलाही उभे राहिले होते. अर्ज भरला, हार घातले गेले, चहा झाला, आणि अर्ज मागे घ्यायच्या दिवशी दुपारी तीनला पाच मिनिटं कमी असताना तहसीलमध्ये जाऊन त्यांनी तो मागे घेतला. कोणी दबाव टाकला नव्हता. रात्रभर झोप आली नाही, एवढंच कारण. त्यांच्या वॉर्डातून जो निवडून आला त्याला सही करतानाही शेजारच्याकडे पाहावं लागे. तेव्हापासून हे रोज एकदा तरी म्हणतात, ‘तेव्हा मागं घेतला नसता तं...’ वाक्य पुरं करत नाहीत.

असा माणूस तुमच्याही गल्लीत आहे. तो विचारी असतो. त्याचा विचार फक्त पावती फाटल्यानंतर सुरू होतो. नव्वदच्या दशकात सागवानाच्या झाडात पैसे गुंतवायच्या योजना निघाल्या होत्या, तेव्हा यांनीही एक झाड घेतलं. झाड कुठे आहे ते कळलं नाही, पण त्याचं प्रमाणपत्र बैठकीत फ्रेम करून लावलं आहे आणि दर दिवाळीला पुसलं जातं. पुढे ‘मिहानला लागून’ म्हणून नागपूरकडे एक प्लॉट घेतला. तो मिहानला लागून आहे तसंच शहापूर काशीला लागून आहे. यातलं काहीच त्यांनी परत केलं नाही. परत करावं की न करावं याचा विचार मात्र अजून चालू आहे.

आणि हे सगळं करणारा माणूस नोकरीत कोण होता? फॅक्टरीच्या स्टोअरमधला. साधा नट द्यायचा तरी तीन सह्या पाहणारा. इंडेंटवर तारीख खोडलेली दिसली की कागद परत. असा माणूस साडेतीन तासांत ३,२०,००० रुपयांच्या कागदावर अकरा ठिकाणी सह्या करून आला, एक ओळ न वाचता.

झालं असं. नागपूरच्या एका मॉलमध्ये त्यांनी लकी ड्रॉची चिठ्ठी भरली होती. चार दिवसांनी फोन आला, ‘अभिनंदन सर, तुम्हाला गिफ्ट लागलंय, फक्त मॅडमना सोबत आणा.’ मॅडमना का, तर घरी गेल्यावर ‘बायकोला विचारतो’ असं म्हणायची सोय राहू नये. एका हॉटेलच्या हॉलमध्ये टेबलं मांडलेली. गाणी एवढी मोठ्यानं की शेजारच्या टेबलावरचं ‘नाही’ ऐकू येऊ नये. दर दहा मिनिटांनी कोणीतरी सही करी आणि सगळा हॉल टाळ्या वाजवी. मेंबर मला सांगत होते, ‘गुरुजी, छत्तीस वर्ष नौकरी केली, पण टाळ्या फक्त शेवटच्या दिवशी वाजल्या. आन् तिथं पोरगा मले सर म्हणे. दर वाक्यात सर. मी मोजले, शंभराच्या वर गेले असतीन.’

आता काय विकत घेतलं ते सांगतो, कारण हे समजायला मला स्वतःला बराच वेळ लागला. याला टाइमशेअर म्हणतात. साठच्या दशकात युरोपात, आल्प्सच्या डोंगरात, ही युक्ती निघाली: सुट्टीचं घर एकट्याला परवडत नाही, तर वर्षाचे आठवडे वाटून घ्या. आपल्याकडे १९८६ मध्ये स्टर्लिंग, १९९६ मध्ये महिंद्रा या धंद्यात उतरले. (मेंबरांची कंपनी या दोघांपैकी नव्हे, ती कोण ते मी लिहिणार नाही.) टपरीवर मी समजावलं, ‘विहिरीच्या पाळीसारखं आहे. चार भाऊ, एक विहीर, ज्याच्या त्याच्या वाराला ज्याचं त्याचं पाणी.’ आमच्याकडे माजी मालगुजारी तलाव, ज्यांना सगळे मामा तलाव म्हणतात, त्यांचं पाणीही असंच पाळीनं वाटलं जात आलं आहे, म्हणून गोष्ट लगेच पटली. फक्त टपरीवाल्यानं एक शंका काढली. ‘गुरुजी, तलावाचं पाणी आपल्या बांधीत येते. इथं तं बांधीलेच तलावाकडं जा लागते.’

पाळी मिळाली तीही पाहा. वर्षाचे आठवडे रंगांनी वाटलेले. मे महिना, दिवाळी, नाताळ हे लाल, ते महाग. मेंबरांना मिळाला पांढरा. लाल हंगामात जायचं तर वरचे पैसे भरा आणि जागा मिळेपर्यंत फोन लावत बसा. पांढरा हंगाम म्हणजे जेव्हा कोणाला जायचं नसतं तेव्हा. भंडारा जिल्ह्यात तो बरोबर रोवणीत पडतो. मेंबरांची दोन एकर धानाची शेती आहे. पऱ्हे तयार, चिखल झालेला, रोवणाऱ्या बाया मिळता मिळत नाहीत, आणि अशा वेळी मालक उटीला धुकं पाहायला जाणार? पांढऱ्याचा दुसरा तुकडा दिवाळीनंतर, म्हणजे कापणी-मळणी आणि गावोगावच्या मंडया. मंडईला पोरी-जावई येतात, रात्रभर दंडार असते. त्या दिवसांत गाव सोडून बाहेर राहणाऱ्या माणसाला लोक कर्जबाजारी समजतात.

त्या रविवारी रात्री नागपूरहून घरी आल्यावर काकूंनी (त्यांच्या मंडळींना आम्ही सगळे काकू म्हणतो) ताटातलं वाढता वाढता एकच विचारलं होतं. हॉलमधल्या पोरानं कागदावर हिशेब मांडून दाखवला होता: हॉटेलची खोली आज ५,००० रुपये, दरसाल दहा टक्के वाढ, तर पंचविसाव्या वर्षी ती ४९,००० च्या वर जाईल. पाहा सर, तुमचं किती वाचतंय! काकू म्हणाल्या, ‘अजी, खोलीचा भाव दर वर्साले दहा टक्के वाढते, मंग त्या देखभालीचा नाई वाढत काय?’

देखभालीची रक्कम वर्षाला १४,००० होती. जा किंवा जाऊ नका, भरायचीच. मी पाटी घेऊन बसलो. त्याच पोराच्या दहा टक्क्यांनी ती पंचविसाव्या वर्षी १,३७,००० च्या पुढे जाते. मूळ रक्कम पंचवीस आठवड्यांच्या १७५ दिवसांवर वाटली तर दिवसाला १,८२९ रुपये पडतात. त्यात पहिल्याच वर्षीचे देखभालीचे २,००० मिळवा. म्हणजे पावसाळ्यातल्या ओल्या चादरीचे दिवसाला ३,८२९, जेवण वेगळं, प्रवास वेगळा, हप्त्यावरचं व्याज वेगळं. मेंबर आज बासष्टचे. पंचविसाव्या वर्षी शहाऐंशीचे होतील. त्या वयात माणसाला शहापूरहून भंडाऱ्याला दवाखान्यात न्यायचं तरी दोघं लागतात.

सातवी शिकलेल्या बाईनं ताट वाढता वाढता जे विचारलं, ते त्या हॉलमध्ये बी.कॉम.पासून इंजिनिअरपर्यंत कोणाला सुचू नये, यात त्या गाण्यांचा वाटा नक्की असणार.

करारात बारीक अक्षरात एक कलम होतं: दहा दिवसांच्या आत लेखी कळवल्यास रद्द करता येईल. युरोपात अशी मुदत कायद्यानंच चौदा दिवसांची आहे, अमेरिकेतल्या फ्लोरिडात दहा. आपल्याकडे टाइमशेअरसाठी असा वेगळा कायदा नाही. कागदावर जे लिहिलं असेल तेच. त्यामुळे कागदावर दहा दिवस सापडले हेच मला लॉटरीसारखं वाटलं. मी सोमवारीच अर्ज लिहून दिला. चार ओळींचा. ‘ईमेल करा, स्पीड पोस्टही करा, पावती जपून ठेवा. ऐकलं नाही तर 1915 ला फोन लावा. त्यानंही झालं नाही तर भंडाऱ्याला जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी लागत नाही.’ मेंबरांनी अर्ज दोनदा वाचला, ‘भाषा मस्त हाय गुरुजी,’ म्हणाले, आणि घडी करून खिशात ठेवला.

पुढचे आठ दिवस तो अर्ज त्यांच्या खिशात गावभर फिरला.

ते सल्ला घेत होते. पुतण्या म्हणाला, रद्द करा. केस कापणारा म्हणाला, राहू द्या, इज्जत वाढते. फॅक्टरीतल्या जुन्या मित्रानं सांगितलं की त्याच्या साळ्यानं असंच घेतलंय आणि तो फार खूश आहे. साळ्याला फोन लावला तर साळ्यानं विचारलं, ‘तुमच्या ओळखीत कोणी माझं घेणारं आहे का?’ एका खऱ्या मेंबरानं, ग्रामपंचायतीच्या, ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘मेंबरकी सोडू नका. मी नाई सोडली.’ त्याचा सल्ला यांच्या फार जिव्हारी लागला. दोन दिवस अर्ज खिशातून बाहेर आला नाही.

रोज संध्याकाळी तो पोरगा फोन करी. ‘सर, वेलकम किट निघालंय.’ मेंबर फोन घेऊन अंगणात जात, आवाज बदलत, एक हात पाठीमागे घेत. काकू मला म्हणाल्या, ‘गुरुजी, पैसे गेल्याचं याईले दुःख नाई. रद्द केलं तं त्या पोराचा फोन बंद होईन, त्याचं हाय.’ मी अर्ज धरून बसलो होतो आणि दुखणं काय ते बाईला कळलं होतं. निवृत्तीनंतर दोन वर्षांत यांना ‘सर’ म्हणणारा तो एकच प्राणी होता. घरी पोरगा पुण्यात, सून पुण्यात, व्हॉट्सॲपवर सकाळी फुलं.

नवव्या दिवशी टपरीवर वेगळाच वाद निघाला. दहा दिवस मोजायचे कुठून? आमच्याकडे दिवस मोजायची एकच पद्धत सगळ्यांना तोंडपाठ: माणूस गेला तो दिवस पहिला. त्या हिशेबानं रविवार धरून दहावा मंगळवारी. पुतण्या म्हणे, कागदाच्या हिशेबात सहीचा दिवस धरत नाहीत, बुधवार. टपरीवाला म्हणाला, ‘दहावा हाय ना? मंग वाद कायले, जुन्याच पद्धतीनं करा. बुधवार धरला आन् चुकला तं तेरवीच करा लागन.’

म्हणून मंगळवारी सकाळी आम्ही चौघं भंडाऱ्याला पोस्टात. पाऊस धो-धो. काकूंना खरं तर बांधीत असायला हवं होतं, पण त्या आल्या. पुतण्यानं ईमेल मोबाइलवर लिहून तयार ठेवला होता. काकांनी हो म्हटलं की बोट दाबायचं, एवढंच बाकी. पाकीट तयार, पत्ता घातलेला. आत अर्ज. अर्जावर सही नाही. मेंबरांच्या हातात पेन.

‘करा ना सही,’ मी म्हटलं.

‘करतो. पण गुरुजी, उटीले तं जायाचंच होतं ना कधी तरी.’

पाच मिनिटं गेली. मागे रांग वाढली. आलेला प्रत्येक जण आमच्याकडे पाहून पुढे सरके. मला दशक्रियेचा घाट आठवला. पिंड मांडलेला, कावळा झाडावर बसलेला, आणि शिवत नाही. मग घरातलं कोणीतरी पुढे होऊन मोठ्यानं सांगतं, बाबा, धाकटीचं लग्न मी करीन, विहिरीचा हिस्सा सोडीन. म्हाताऱ्याचं कुठे अडलंय ते शोधत जायचं.

काकूंनी बहुधा तेच केलं. पदर नीट केला आणि, पोस्टात ऐकू जाईल एवढ्या आवाजात, म्हणाल्या, ‘धान मोकळं झालं का उटीले मी नेईन तुमाले. माह्या पैशानं. दोन दिवस. आन् तिथं तुमाले मी सर म्हणीन.’

पलीकडच्या खिडकीतल्या पोराचं पेन थांबलं. मेंबरांनी इकडेतिकडे पाहिलं, नाक ओढलं, आणि अर्जावर सही केली. तारीखही घातली, स्टोअरच्या सवयीनं, महिना-वर्षासकट. पुतण्याचं बोट पडलं. पावती मी माझ्याकडे ठेवली. त्यांच्याकडे ठेवायची माझी हिंमत नव्हती.

परतताना शहापूरच्या फाट्यावर उतरलो. टपरीवाल्यानं विचारलं, ‘काय मेंबर, झाला का दहावा?’ मेंबरांनी मान हलवली. चहा आला. त्यांनी बशीत ओतला, फुंकर मारली, प्यायले नाहीत. हमरस्त्यावरून एक ट्रक गेला, दुसरा गेला.

‘गुरुजी,’ ते म्हणाले, ‘हा अर्ज दिला तो दिला. पण मागं घ्यायचा म्हटलं तं त्याची शेवटची तारीख कोणती असते?’