ट्रॉलीला ब्रेक कुणाचा?

दिवाळी उलटली की आंबेगाव तालुक्याच्या पूर्व पट्ट्यात, लोणी-धामणीपासून पारगावच्या बाजूला, मोटारसायकलवाल्यांची परीक्षा सुरू होते. पुढे उसाची डबल ट्रॉली. बाहेर लोंबणारे वाढे रस्त्याच्या दोन्ही कडा झाडत चाललेले. दत्तात्रयनगरला भीमाशंकर कारखान्याची गव्हाण सुरू झालेली असते, तिकडे जुन्नरात निवृत्तीनगरला विघ्नहरची. आणि काट्यावर नंबर लागायचा असल्यामुळे ट्रॅक्टरवाल्याला मागे बघायला सवड नसते. हॉर्न त्याला ऐकू जाण्याचा प्रश्नच नाही. डोक्यावरच्या टपात चार स्पीकर, एक अ‍ॅम्प्लिफायर आणि रंगीत दिवे. या सगळ्यावर खर्च किती झाला ते तो कौतुकाने सांगतो. ट्रॉलीच्या ब्रेकवर किती झाला असं विचारलं तर मात्र तो विचारणाऱ्याकडेच संशयाने पाहतो. ट्रॉलीला ब्रेक? ब्रेक ट्रॅक्टरला असतो की!

हिशेब साधा आहे. पन्नास हॉर्सपॉवरच्या आतबाहेरचा ट्रॅक्टर दोन-सव्वादोन टनांचा. मागच्या दोन ट्रॉल्या भरल्या की पंधरा टन सहज होतात, कधी त्याहून जास्त. ट्रॅक्टरला ब्रेक बहुधा फक्त मागच्या दोन चाकांना. म्हणजे चढावर दोन टनांचं यंत्र पंधरा टन ओढतं, हे त्याचं कर्तृत्व. आणि उतारावर पंधरा टन त्या दोन टनांना ढकलतात, हे त्याचं प्रारब्ध. चढावर पुढची चाकं उचलू लागली की बॉनेटवर दोन गडी बसवायचे, हा उपाय सगळ्यांना पाठ असतो. उतारावर कुणाला कुठे बसवायचं, हे अजून ठरलेलं नाही.

अमेरिकेत याच दुखण्यावर एक मजेशीर औषध निघालं आहे. तिकडे निवृत्त जोडपी घर विकून मोटरहोम घेतात. मोटरहोम म्हणजे स्वयंपाकघर, पलंग आणि संडासासकट धावणारी बस. दहा-बारा टनांची ही बस घेऊन भाजी आणायला जाता येत नाही, म्हणून मागे एक छोटी मोटार बांधतात. ती चारही चाकांवर मुकाट्याने मागे येते, आत कुणी नसतं. तिचं वजन दीड-दोन टन. आपल्याकडे शेळीने हत्ती ओढायचे, तिकडे हत्तीच्या मागे शेळी! तरीही अनेक राज्यांत ठरावीक वजनाच्या वर गेलं की त्या शेळीला स्वतःचा ब्रेक लागतो.

हा ब्रेक म्हणजे एक पेटी. ती मागच्या मोटारीत, चालकाचे पाय असतात त्या जागी ठेवायची, तिची पाठ सीटला टेकवायची आणि तिचा लोखंडी हात ब्रेकच्या पेडलला अडकवायचा. पुढच्या बसचा वेग घटला की पेटीला ते कळतं आणि ती पेडल दाबते. थोडक्यात, पगार न घेणारा, तंबाखू न मळणारा चालक. शिवाय मोटारीपासून बसपर्यंत एक बारीक तार असते. जोड तुटून मोटार सुटली तर तार पिन उपसते आणि पेटी मोटारीला जागच्या जागी उभी करते.

पण पगार न घेणाऱ्यालाही नखरे असतात. खड्डा आला की पेटीला वाटतं बस थांबली. ती दाबते पेडल. सीट नीट पुढे घेतली नसेल तर पेडलऐवजी स्वतःच मागे सरकते. मोटारीचं इंजिन बंद असतं, त्यामुळे ब्रेकला हलका करणारा व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो आणि पेडल दगडासारखं घट्ट होतं. म्हणून पेटी बसवण्याआधीच पेडल चार-पाच वेळा दाबून तो व्हॅक्यूम काढून टाकायचा असतो. हे विसरून पेटीची ताकद ठरवली की पुढचं सगळं गणित चुकतं. कधी हात पेडलवर किंचित टेकलेलाच राहतो. मग मैलोन् मैल ब्रेक घासत जातो, चाकातून धूर निघतो आणि बस चालवणाऱ्या आजोबांना आरशात वाटतं, मागे कुणीतरी शेकोटी पेटवली आहे. शिवाय ब्रेकचे दिवे पेटत राहून बॅटरी उतरते ती वेगळीच.

तिथले जाणकार सांगतात, थोडं अंतर गेल्यावर थांबा आणि प्रत्येक चाकाजवळ हात नेऊन पाहा. एकच चाक तापलं असेल तर दोष त्या चाकात, सगळी तापली असतील तर दोष पेटीत. लोणीतला कुठलाही फिटर हेच सांगेल. फक्त त्याचा हात अधिक पोळलेला असतो.

आपल्या ट्रॅक्टरचा तपास पायाखालूनच सुरू करावा. ट्रॅक्टरला ब्रेकची दोन पेडलं असतात, डाव्या चाकाचं वेगळं, उजव्याचं वेगळं. शेतात बांधाशी वळताना एकच दाबलं की ट्रॅक्टर जागेवर गर्रकन फिरतो. रस्त्यावर आल्यावर दोन्ही जोडणारी छोटीशी पट्टी लावायची असते. बहुतेक ट्रॅक्टरांवर ती पट्टी गंजून आपल्या जागी सुखाने पहुडलेली दिसते. मग रस्त्यावर घाईत एकाच पेडलवर पाय पडतो, ट्रॅक्टर बांधाशी वळल्यासारखा वळतो आणि मागच्या पंधरा टनांना बांध कुठे आहे हे ठाऊक नसतं.

दुसरा दोष गिअरमध्ये. उताराला डिझेल वाचवायचं म्हणून न्यूट्रल करून सोडणारे महाभाग आहेत. इंजिन जे ओझं फुकटात अडवून धरत होतं, त्यालाच सुट्टी देऊन सगळा भार ब्रेकवर टाकायचा! वाचलेलं डिझेल पुढे क्रेनवाल्याच्या टाकीत जातं.

ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक असू शकतो, हे तर अनेकांना खरंच वाटत नाही. हवेवर किंवा तेलावर चालणारे ब्रेक असतात, आणि एक फार हुशार प्रकार आहे तो ओव्हररन ब्रेकचा. त्यात ट्रॉलीचा दांडा थोडा आतबाहेर सरकतो. ट्रॅक्टर थांबला आणि ट्रॉली ढकलायला लागली की त्या ढकलण्यानेच तिचा ब्रेक लागतो. ढकलणाऱ्याने स्वतःचाच कान धरायचा. यातही एक गोम आहे. रिव्हर्स घेतानाही दांडा आत जातो आणि ट्रॉली अडून बसते, म्हणून काहींना एक खटका असतो. रिव्हर्स झाल्यावर तो मोकळा करायचा राहिला तर पुढे सगळा प्रवास ब्रेकविना.

मागच्या गाडीलाही स्वतःचा ब्रेक हवा, हा धडा रेल्वेने फार आधी घेतला. जॉर्ज वेस्टिंगहाउसने १८६९ मध्ये गाड्यांसाठी हवेचा ब्रेक काढला, पण त्यात हवा भरली की ब्रेक लागायचा. नळी फुटली की ब्रेकच गेला. १८७२ मध्ये त्याने कारभार उलटा केला: नळीतली हवा गेली की ब्रेक आपोआप लागणार. डबा सुटला तरी तो उभा राहतो. आपल्या बोरघाटात चढ १ : ३७ आहे. तिथे ब्रेकवर भरवसा ठेवूनही रेल्वे थांबली नाही. उतरणारी गाडी आवरली नाही तर ती चढाच्या बाजूला वळवणारे कॅच सायडिंग तिने ठेवले आहेत.

आंबेगाव-जुन्नरला मात्र ब्रेक नसलेल्या गाडीचं कौतुक जुनं. शर्यतीच्या बैलगाड्याला ब्रेक नसतो. शर्यतीची धावपट्टी, म्हणजे घाटच, चढाचा बांधलेला, बारी सुटली की भिर्रर्र! या गाड्याला खरा ब्रेक लागला, तो सर्वोच्च न्यायालयाच्या बंदीचा. मे २०१४ मध्ये लागला तो सैल व्हायला डिसेंबर २०२१ उजाडला, आणि घटनापीठाने मे २०२३ मध्ये पुरता काढला.

उसाच्या ट्रॉलीला मात्र चढाचा घाट बांधून मिळत नाही. तेव्हा ट्रॅक्टरमालकांना एवढीच विनंती: येत्या हंगामाची पहिली खेप भरण्याआधी पेडलांची पट्टी घासून मोकळी करा, जोडपिनीला लॉक आणि जोडीला साखळी लावा, ट्रॉलीला ब्रेकचा पाइप असेल तर तो सुतळीने बांधून न ठेवता जोडा, मागे तांबडे रिफ्लेक्टर ठोका. आणि लोणीच्या उतारावर निदान दोन मिनिटं तरी डेकचा आवाज कमी करा. मागच्या मोटारसायकलवाल्याला काहीतरी सांगायचं आहे.