पाहिजेत : सुरात वाजवणारे, कमी बोलणारे

मराठी माणूस विलायतेला गेला की बकिंगहॅम राजवाडा, टॉवर ब्रिज, मादाम तुसाँचे मेणाचे पुतळे आणि लॉर्ड्सचं मैदान एवढं उरकतो, वेम्ब्लीत मसाला डोसा खातो आणि परततो. त्याच्या यादीत डार्टफर्डचं रेल्वे स्टेशन नसतं, चोबम गावातला एका घरामागचा पोहण्याचा तलाव नसतो, स्ट्रेटफर्डमधलं एक साधं दार तर नसतंच. बरोबरच आहे, कारण तिथे पाहण्यासारखं काहीच नाही. पण लंडनहून एडिंबरापर्यंतचे चार-साडेचार तास मांडीला मांडी लावून चकार शब्द न बोलता काढणारी ही इंग्रज माणसं एकत्र येऊन जगभर गाजणारे बँड कशी काढतात, हे कोडं सोडवायचं तर हीच रटाळ ठिकाणं पालथी घालावी लागतात. माझं म्हणणं असं की हे बँड इंग्रजांच्या अबोलपणावर मात करून निघालेले नाहीत, ते त्याच्याच जोरावर निघाले. ‘येतोस का रे वाजवायला?’ असं ज्याला तोंडानं विचारता येत नाही, तो ते छापून विचारतो. आणि छापून विचारलं की ओळखीतला, नाही म्हणता येणार नाही असा आत्येभाऊ येत नाही. हवा तो माणूस येतो.

पुरावा शोधायला लंडनच्या डेन्मार्क स्ट्रीटवर जावं. चेरिंग क्रॉस रोडला लागून असलेली ही गल्ली नाव घेईपर्यंत संपते. गाण्यांचे प्रकाशक, रेकॉर्डिंगचे स्टुडिओ आणि गिटारींची दुकानं यांनी ती एके काळी गच्च भरलेली होती. काही गिटारी अजून खिडक्यांतून टांगलेल्या दिसतात. या सगळ्या धंद्याचं वर्तमानपत्र म्हणजे १९२६ साली सुरू झालेलं ‘मेलडी मेकर’. ते घेणारे पुष्कळ लोक ते उलट्या बाजूनं वाचत, कारण ‘पाहिजेत’च्या छोट्या जाहिराती मागच्या पानांवर असत. आपल्याकडच्या रविवारच्या पुरवणीतल्या वधू-वर जाहिरातींची आणि यांची कुळी एकच : स्वतःबद्दल दोन विशेषणं, समोरच्याकडून चार अपेक्षा, आणि शेवटी फोन नंबर. १९७० च्या डिसेंबरात स्टीव्ह हॅकेट नावाच्या गिटारवादकानं जाहिरात दिली, तिचा मथितार्थ असा : आपण कल्पक वादक आणि रचनाकार आहोत, साचलेल्या संगीतापलीकडे जाण्याची जिद्द असलेले, मोकळ्या मनाचे सोबती हवेत. तरुण इंग्रजानं स्वतःला कल्पक म्हणावं आणि प्रचलित संगीताला साचलेलं म्हणावं, हे समोरासमोर बसून शक्यच नव्हतं. जीभ टाळूला चिकटली असती. कागदावर ते सहज जमलं. ‘जेनेसिस’च्या पीटर गेब्रिएलनं फोन केला आणि हॅकेट पुढची काही वर्षं त्यांचाच झाला. त्याच ‘जेनेसिस’मध्ये ड्रम वाजवायला फिल कॉलिन्स आला तोही आधीच्या एका जाहिरातीवरूनच. चाचणी गेब्रिएलच्या आईवडिलांच्या चोबममधल्या घरी होती. कॉलिन्स वेळेआधी पोचला, तेव्हा त्याला तोवर तलावात डुंबायला सांगण्यात आलं. पाण्यात तरंगत त्यानं आधीच्या उमेदवारांचं वाजवणं ऐकलं, आणि त्याची पाळी आली तोवर परीक्षेचा पेपर त्याला पाठ झालेला होता.

या जाहिरातींतल्या अटींबद्दलही दोन शब्द सांगायला हवेत. ‘डेपेश मोड’ला सिंथेसायझर वाजवणारा हवा होता आणि वय एकविसाच्या आत हवं होतं. अॅलन वाइल्डर बाविशीचा होता. वधू-वर मंडळाच्या कार्यालयात ज्यांचं थोडंफार जाणं-येणं आहे त्यांना पुढचं सांगायला नको : त्यानं वय चोरलं आणि त्याचं जमलं. ‘स्वेड’नं १९८९ मध्ये ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’मधून गिटारवादक शोधताना वाजवण्याच्या कौशल्यापेक्षा मोठ्या काही गोष्टी असतात, असं बजावून ठेवलं होतं. आले बर्नार्ड बटलर, म्हणजे नेमके उत्तम कौशल्यवालेच. जाहिरातीत काय लिहिलंय याला फार महत्त्व देऊ नये. ती वाचून कोण उठतो याला द्यावं.

पहिला आक्षेप डार्टफर्डच्या दोन नंबरच्या फलाटावर उभा असतो. तिथे १७ ऑक्टोबर १९६१ रोजी मिक जॅगर आणि कीथ रिचर्ड्स योगायोगानं भेटले, जॅगरच्या काखेत चक बेरी आणि मडी वॉटर्सच्या तबकड्या होत्या, आणि बोलणं सुरू झालं. मग जाहिरात कुठे आली? पण नीट पाहा. हे दोघे एकाच प्राथमिक शाळेत शिकलेले, एकाच गावातले. म्हणजे ओळख असूनही बोलायला सबब लागली, आणि ती सबब काखेतून दिसत होती. काखेत तबकड्या घेऊन उभा असलेला माणूस ही चालतीबोलती जाहिरातच; फरक इतकाच की तिचे पैसे द्यावे लागत नाहीत. शिवाय २०१५ साली फलाटावर या भेटीचा फलक लागला, तेव्हा बँडचेच जुने बासवादक बिल वायमन कडाडले, की हे दोघे पुढे ‘रोलिंग स्टोन्स’चे संस्थापक झाले हे साफ खोटं, बँड ब्रायन जोन्सनं काढला. ते खरंच आहे. जोन्सनं १९६२ च्या मे महिन्यात ‘जॅझ न्यूज’मध्ये साथीदार हवेत म्हणून जाहिरात दिली होती. फलक लागला तो योगायोगाचा. जाहिरातीला कुणी फलक लावत नाही.

आता खास पुणेरी आक्षेप : एवढ्या उठाठेवी कशाला? गदिमा आणि बाबूजींना एकत्र आणायला कुणी जाहिरात दिली होती का? नव्हती दिली. ते दोघे एकमेकांना ओळखत होते, आकाशवाणीच्या सीताकांत लाडांनी मनावर घेतलं, आणि १९५५-५६ मध्ये दर आठवड्याला एक याप्रमाणे छप्पन्न गाण्यांचं ‘गीतरामायण’ पुणे केंद्रावरून घराघरांत गेलं. ओळखीतून जे होतं ते उत्तम होतं, हे कोण नाकारेल! पण ज्याची कुणाशीच ओळख नाही त्याचं काय? लिंकनशरमधल्या सतरा वर्षांच्या बर्नी टॉपिनच्या आसपास शेतं होती आणि कुणी सीताकांत लाड नव्हते. १९६७ मध्ये त्यानं ‘लिबर्टी’ या रेकॉर्ड कंपनीची जाहिरात पाहून कविता पाठवल्या. त्याच जाहिरातीला रेज ड्वाइट नावाच्या पियानोवाल्यानंही उत्तर दिलं होतं आणि गाणी लिहिता येत नाहीत अशी कबुलीही दिली होती. कंपनीच्या माणसानं त्याच्या हातात टॉपिनचं पाकीट ठेवलं. त्यानं चाली लावल्या, पुढे नाव बदलून तो एल्टन जॉन झाला, आणि ही जोडी वर्षानुवर्षं शब्द एका खोलीत आणि चाल दुसऱ्या खोलीत अशीच काम करत आली. अनोळखीपणा त्यांनी इतका जपून ठेवला की अर्ध्या शतकात त्याला तडा गेला नाही.

लिव्हरपूलचा आक्षेप मी चटकन निकालात काढतो. ६ जुलै १९५७ रोजी वुलटनच्या चर्चच्या जत्रेत जॉन लेनन आणि पॉल मॅकार्टनी भेटले ते एका मित्रानं ओळख करून दिली म्हणून. म्हणजे मध्यस्थ होताच, फक्त तो छापील नव्हता. अमेरिकेचा आक्षेप थोडा अवघड आहे : १९८१ मध्ये लॉस एंजेलिसच्या ‘रिसायकलर’मध्ये लार्स उलरिकनं जाहिरात दिली आणि ‘मेटॅलिका’ उभा राहिला. म्हणजे छापून विचारणं ही काही इंग्रजांची मक्तेदारी नाही. मान्य. पण उलरिक डॅनिश होता, आणि आपल्याला काय आवडतं हे सांगताना त्यानं नावं घातली ती ‘डायमंड हेड’, ‘आयर्न मेडन’ अशा इंग्रजी बँडांची. सवय बहुधा त्यांच्याच तबकड्यांबरोबर बोटीनं आली असावी.

खरा अपवाद मँचेस्टरशेजारच्या स्ट्रेटफर्डमध्ये सापडतो. १९८२ मध्ये जॉनी मार या अठरा वर्षांच्या गिटारवादकानं बँड काढायचा म्हणून तिथल्या किंग्ज रोडवर जाऊन मॉरिसी या गायकाचं दार सरळ ठोठावलं. पत्र नाही, जाहिरात नाही. इंग्रज इतिहासात हा प्रकार बंडाच्या जवळपास जातो. पण ही हिंमत त्याला सुचली होती ती अमेरिकन गीतकार-संगीतकार जोडी लीबर आणि स्टोलर यांची गोष्ट ऐकून, म्हणजे मालही आयात केलेलाच. आणि तरीही त्यानं दोघांच्या ओळखीचा एक मित्र दारापर्यंत सोबत नेला होता.

राहता राहिला सर्वांत वजनदार आक्षेप : हॅकेटची जाहिरात आपल्याला माहीत आहे कारण ती फळली, त्याच पानावरच्या इतर कल्पक तरुणांचे फोन कधी वाजलेच नाहीत. हे निरुत्तर करणारं आहे, आणि जाहिरात हमखास गुण देते असा दावा मी करणारही नाही. दावा एवढाच की ज्यांना कुणी ओळखत नव्हतं त्यांना तिनं रांगेत उभं केलं. लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या सूचनाफलकावर ब्रायन मे आणि त्याच्या मित्रानं ड्रमर हवा अशी चिठ्ठी लावली, तिच्यामुळे दंतवैद्यकाचा विद्यार्थी रॉजर टेलर त्यांच्यात आला, आणि त्यांच्या मागे काही काळानं फरोख बुलसारा नावाचा पारशी मुलगा येऊन उभा राहिला. त्यानं पहिला बँड काढला होता आपल्या पांचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत, वसतिगृहातल्या मित्रांना घेऊन, ‘हेक्टिक्स’ या नावानं. तिथे चिठ्ठी लागली नाही. एकाच जेवणघरात रोज तेच वरण खाणाऱ्या मुलांना एकमेकांपासून लपून राहता येत नाही. पण इंग्लंडात आल्यावर ‘क्वीन’ होण्यासाठी त्यालाही दुसऱ्याच कुणीतरी फलकावर टाचणीनं लावलेल्या कागदाची गरज पडली, आणि तो कागद त्यानं वाचलेलाही नव्हता.