हलकेराव

मीटिंगमध्ये कुठल्याही फ्रेमवर्कचं नाव काढा, हलकेराव आधी ते तोलतात. म्हणजे खरंच तोलतात. उजवा पंजा उताणा करून, मंडईत वांगी घेताना आपली आई करते तसा दोनदा वरखाली हलवतात आणि निकाल देतात, "जड आहे."

नाव अर्थात आम्ही ठेवलेलं. हिंजवडीत प्रत्येक मजल्यावर असा एक सापडतो, त्यामुळे ओळख करून देत बसत नाही. स्प्रिंग? जड. हायबरनेट? जड, शिवाय झोपाळू. जँगो? "बरा आहे, पण बांधा स्थूल." कँटीनमधली मिसळ, लग्नाची पत्रिका, नव्या मॅनेजरचं बोलणं, सगळं त्या पंजावरून जातं. एकदा लेकीचं शाळेचं दप्तर तोललं, तेवढं मात्र खरंच जड निघालं.

ऑफिसातल्या रजेच्या अर्जांसाठी सॉफ्टवेअर करायचं ठरलं, तेव्हा त्यांनी फ्लास्क निवडला. "2010 साली एप्रिल फूलच्या थट्टेतून जन्मलाय," असं वरिष्ठांना कौतुकानं सांगितलं. (वरिष्ठांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.) फ्लास्कमध्ये डेटाबेसची सोय नाही, लॉगिनची नाही, फॉर्म तपासायची नाही. "म्हणून तर हलका!" मग आम्ही एकेक लायब्ररी जोडत गेलो. रिकामी पिशवी घेऊन काशीला निघावं आणि पुणे स्टेशनावरच गादी, स्टोव्ह, कुकर विकत घ्यावा, तसं. सहा महिन्यांत यादी 64 ओळींवर गेली. टीममधल्या एका पोरीनं तेव्हा 2016 ची गोष्ट काढली. लेफ्ट-पॅड नावाचं 11 ओळींचं पॅकेज कर्त्यानं एनपीएम ह्या पॅकेजांच्या कोठारातून काढून घेतलं आणि जगभर बिल्ड कोसळले. "अकरा ओळी म्हणजे हलकंच की, सर. आता आपली यादी तोलून बघता?"

हलकेरावांनी पंजा खिशात घातला.

ह्या खोडीमागे जुनं दुखणं आहे. 2003 साली ते ईजेबीवर, म्हणजे जावाच्या जे-टू-ईई ह्या लवाजम्यातल्या एका भागावर, काम करत होते. साधं एक खातं दाखवायचं तरी होम इंटरफेस, रिमोट इंटरफेस, बीनचा क्लास, वर एक्सएमएलची पोथी. एक ओळ बदलली की सर्व्हर पुन्हा उठेपर्यंत चहा. त्यांची अॅसिडिटी त्या वर्षातली. प्रत्येक ठिकाणी हा लवाजमा लागत नाही, हे रॉड जॉन्सन नावाच्या प्रोग्रामरनं 2002 च्या पुस्तकात लिहिलं आणि सोबत 30,000 हून जास्त ओळींचा कोडच देऊन टाकला. त्यातून 2004 च्या मार्चमध्ये स्प्रिंग 1.0 आलं. जे-टू-ईईच्या हिवाळ्यानंतरचा वसंत, म्हणून ते नाव. हे सांगताना हलकेरावांचा आवाज 1983 च्या विश्वचषकाबद्दल बोलावं तसा होतो. मग तोच स्प्रिंग आता जड कसा झाला, हे विचारायचं नसतं.

महिनाअखेरीला पगाराचा हिशोब ह्याच रजांवरून व्हायचा. एका 30 तारखेला रात्री सगळं ठप्प झालं. दोन वाजता हलकेराव हेल्मेटसकट येऊन बसले आणि स्क्रीनवर बोट ठेवून लॉग वाचू लागले, पंचांग बघावं तसे. चाळीसेक मिनिटांनी बोट थांबलं. "डेटाबेसची कनेक्शनं सगळे घेतायत, परत कोणी करत नाहीये. वाचनालयातल्या पुस्तकांसारखं." तो कोड माझा होता. माझ्याकडे न बघता त्यांनी तो दुरुस्त केला आणि हेल्मेट उचलता उचलता पुटपुटले, "जडवाल्यात हे आपोआप होतं."

ती कबुली ऐकणारा मी एकटाच. कुणाला सांगितलं नाही. का, कोण जाणे.

ह्या मार्चमध्ये कंपनीलाही हलकं व्हायचं होतं. परिपत्रकात अगदी तोच शब्द होता. हलकेरावांना केबिनमध्ये बोलावलं. बाहेर आले तेव्हा हातात पाकीट होतं. सवयीनं त्यांनी ते पंजावर ठेवलं, दोनदा वरखाली केलं. निकाल काही दिला नाही.

रजेच्या सॉफ्टवेअरमधून त्यांचं नाव काढायचं काम माझ्याकडे आलं. नावापुढे शिल्लक रजा 61 दिवस दाखवत होती.